प्राणवायूची झळ : लकवा आणि स्मृतिभ्रंश



आपल्या भाषेत 'साठी बुद्धी नाठी' अशी एक म्हण आहे. ज्याने ती प्रथम उच्चारली त्याने थट्टेने उच्चारली असेल. परंतु ज्या घरात वडील आपल्याच मुलाला 'आपण कोणाकडचे?' असे विचारू लागतात, त्या घरात या म्हणीतली थट्टा उरत नाही. दुसरे तसेच दुःख लकव्याचे. रात्री जेवून निजलेला धडधाकट माणूस पहाटे उठू पाहतो, तो एक हात लुळा पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेले आणि जीभ जड झालेली. वाशीम असो, रिसोड असो की कारंजा असो, या दोन दुःखांपैकी एकही जिला ठाऊक नाही अशी आळी सापडणे कठीण.

ही दोन्ही दुखणी आपण बहुधा दैवाच्या किंवा वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. एक एकाएकी कोसळते, दुसरे वर्षानुवर्षे पोखरत राहते; तेव्हा त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे वरवर पाहणाऱ्यास वाटत नाही. पण गेल्या सत्तर वर्षांत शास्त्रज्ञांनी जे शोधून काढले त्यावरून असे दिसते की, दोहोंच्या तळाशी एकच रासायनिक घटना काम करीत असते. तिला 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' असे नाव आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट सीस यांनी ते 1985 मध्ये रूढ केले. आम्ही तिला मराठीत 'प्राणवायूची झळ' म्हणू.

हा विषय निवडण्यास व्यवहाराचेही एक कारण आहे. औषधांच्या दुकानात 'अँटिऑक्सिडंट' ही अक्षरे मिरवणाऱ्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात, आणि 'ही गोळी रोज घेतली तर म्हातारपणी विसर पडणार नाही ना?' असे लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. कारण त्यात घामाचा पैसा गुंतलेला आहे आणि पैशाहून मोठी अशी आशाही गुंतलेली आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ही झळ लागते कशी, ते पाहिले पाहिजे.

पोषणारा आणि जाळणारा

1774 साली इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी प्राणवायू वेगळा काढला. त्यात मेणबत्ती फार तेजाने जळते आणि तितक्याच लवकर संपते, हे पाहून त्यांच्या मनात एक चमत्कारिक शंका आली : या शुद्ध वायूत राहणारा प्राणीही आपले आयुष्य असेच भराभर जाळून बसणार नाही ना? या शंकेचा पुरता अर्थ कळायला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

प्राणवायूचा मूळ स्वभाव दुसऱ्या द्रव्यातील इलेक्ट्रॉन ओढून घेण्याचा आहे. लोखंडाला गंज चढतो तो यामुळे. चिरलेले वांगे पाण्यात न टाकता ठेवले तर काळे पडते, तेही त्यातील द्रव्यांचा प्राणवायूशी संयोग झाल्यामुळे. पण आमच्या विषयाला सर्वांत जवळचा दाखला आहे तो तेल खवट होण्याचा, आणि तो वऱ्हाडच्या गृहिणींना सांगण्याची गरज नाही. अख्खे जवस डब्यात महिनोन्‌महिने चांगले राहते. तेच कुटून ठेवले की थोड्याच दिवसांत त्याला खवट वास येऊ लागतो. याचे कारण असे की, टरफलाच्या आत तेल हवेपासून झाकलेले असते. कुटल्याबरोबर ते उघडे पडते. जवसाच्या तेलातील मुख्य स्निग्धाम्लाच्या साखळीत तीन ठिकाणी दुहेरी बंध असतात, आणि त्या बंधांलगतची जागा ही साखळीची कच्ची जागा होय. प्राणवायूचा घाव तेथे बसतो. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो, तो पुढच्याला. एका नासक्या आंब्याने सारी आढी नासावी, तसा हा प्रकार आहे. याच गुणामुळे जवसाचे तेल रंगात घालतात. हवेतील प्राणवायू घेऊन त्याचा कडक पापुद्रा बनतो. लाकडावर तो उपयोगी पडतो, मेंदूत तो पडू नये एवढेच.

या साखळीत एकाकडून दुसऱ्याकडे बिघाड पोचवणाऱ्या रेणूंना 'मुक्त मूलके' म्हणतात. यांच्यातील एखादा इलेक्ट्रॉन जोडीदारावाचून राहिलेला असतो, आणि तो जोडीदार मिळवण्यासाठी हे रेणू जे समोर दिसेल त्यावर झडप घालतात. फाजील प्राणवायू आणि क्ष-किरण हे दोन्ही शरीराला याच वाटेने इजा करतात, असे प्रतिपादन रेबेका गेर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 मध्ये केले. 1956 मध्ये डेनहॅम हार्मन यांनी त्यापुढे पाऊल टाकले : म्हातारपण म्हणजे आयुष्यभर साचत गेलेली हीच इजा, असे त्यांनी मांडले. त्या वेळी पुष्कळांना ही कल्पनेची भरारी वाटली. पण 1969 मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी शरीरात असे एक किण्व शोधून काढले की, ज्याचे काम अशा मूलकांचा निकाल लावणे एवढेच आहे. शत्रू रोज येत नसता तर घराला पहारेकरी कशाला ठेवला असता? शरीरात ही मूलके रोज, प्रत्येक क्षणी जन्म घेतात, हे मग मान्य झाले.

मेंदूच का?

झळ सर्व शरीराला लागते. मग मेंदूवरच तिचा रोख का? याचे पहिले कारण मेंदूची भूक. मेंदूचे वजन सुमारे 1.3 ते 1.4 किलो, म्हणजे शरीराच्या जेमतेम 2 टक्के. पण विसाव्याच्या वेळी शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्यातला सुमारे 20 टक्के हा एकटा खातो. जेथे चूल सदैव पेटलेली, तेथे ठिणग्याही अधिक.

दुसरे कारण असे की, मेंदू हा शरीरातील अत्यंत स्निग्ध अवयवांपैकी एक आहे. पाण्याचा अंश वगळला तर उरलेल्यात निम्म्याहून अधिक भाग स्निग्ध द्रव्यांचा असतो. जवसात तीन दुहेरी बंध असतात, असे आम्ही मघाशी म्हटले. मेंदूच्या पेशींच्या आवरणात जे डीएचए नावाचे स्निग्धाम्ल विपुल असते, त्यात असे सहा बंध आहेत. म्हणजे खवट होण्याच्या बाबतीत मेंदू जवसाच्याही पुढे! तिसरे कारण, मूलकांना पाण्यात बदलून टाकणारी काही किण्वे मेंदूत तुलनेने कमी असतात. आणि चौथे, त्वचेची किंवा यकृताची पेशी मेली तर नवी येते. मेंदूच्या बहुतेक पेशींना वारस नाही.

या ठिणग्या उडतात कोठे? प्रत्येक पेशीत तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म भट्ट्या असतात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तेथे जिन्याच्या पायऱ्या उतरावेत तसे एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे जातात, आणि शेवटच्या पायरीवर प्राणवायूला मिळून त्यांचे पाणी होते. या उतरण्यातून जी शक्ती मिळते तिच्यावर आपले चालणे, बोलणे, आठवणे चालते. या जिन्याच्या एका पायरीचे नाव सायटोक्रोम सी. ही पायरी वनस्पतींच्या पेशींतही असते, हे केंब्रिज येथे दाखवून देणाऱ्या संशोधिका म्हणजे आपल्या कमला भागवत, विवाहानंतरच्या कमला सोहोनी. दुर्गाबाई भागवतांच्या या भगिनीला 1939 मध्ये तेथे पीएच.डी. मिळाली, हे आपण मराठी माणसांनी विसरू नये.

आता होते असे की, थोडे इलेक्ट्रॉन पायरी चुकतात आणि मध्येच प्राणवायूला जाऊन मिळतात. त्यातून 'सुपरऑक्साइड' हे पहिले मूलक निपजते. वर सांगितलेले किण्व त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते, आणि दुसरी किण्वे त्याचे पाणी करून टाकतात. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड घातले की पांढरा फेस येतो. तो याच दुसऱ्या फळीतील कॅटलेज नावाच्या किण्वाचा पराक्रम होय. परंतु त्या पेरॉक्साइडला वाटेत मोकळे लोह भेटले तर मात्र अनर्थ होतो. त्यातून अतिशय दाहक असे हायड्रॉक्सिल मूलक बनते. लोह आणि पेरॉक्साइड यांच्या या संयोगाची दाहकता हेन्री फेंटन यांनी 1894 मध्येच नोंदविली होती.

तेव्हा झळ म्हणजे केवळ मूलकांचे असणे नव्हे. चूल पेटली की धूर होणारच. धुराडे मोकळे असले तर तो निघून जातो. धूर वाढला किंवा धुराडे तुंबले, म्हणजे घरातल्यांचे डोळे चुरचुरतात. मूलकांची निपज आणि त्यांचा निचरा यांचा तोल बिघडणे, यालाच शास्त्रात हा 'ताण' म्हणतात.

लकवा : दोनदा लागणारी झळ

लकवा हा शहरी, सुखवस्तू लोकांचा रोग अशी एक समजूत आहे. ती आपल्याच विदर्भाने खोटी ठरविली. आपण विदर्भाच्या पश्चिम टोकाला. पूर्व टोकाला गडचिरोली. तेथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 86 खेड्यांतील मृत्यूंची कारणे काटेकोरपणे नोंदविली. 2011 ते 2013 या काळातील ही नोंद 2015 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा असे आढळले की, त्या खेड्यांत मृत्यूचे सर्वांत मोठे कारण लकवा हेच होते. दर शंभर मृत्यूंत 14 हून थोडे अधिक त्याचे. आणि त्या मृतांपैकी बहुतेकांनी घरीच प्राण सोडला होता.

लकव्यात झळ दोनदा लागते. पहिली झळ वर्षानुवर्षे, मंद आचेवर, रक्तवाहिनीच्या भिंतीला. वाहिनीचे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निर्माण करते. त्याने वाहिनी सैल राहते आणि रक्त सुरळीत वाहते. या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड यांना 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तदाब वाढलेला असला की वाहिनीच्या भिंतीतच सुपरऑक्साइड अधिक निपजते आणि ते या उपकारक वायूला खाऊन टाकते. वाहिनी ताठरते, दाब आणखी वाढतो. मधुमेहात साखरेचा अतिरेक तंतुकणिकांतून ठिणग्या वाढवतो. विडी-सिगारेटच्या एका झुरक्यातच अगणित मूलके असतात. या साऱ्यांच्या माऱ्याने रक्तातील चरबी वाहिनीच्या भिंतीत अडकून खवट होते, तेथे पुटे चढतात, आणि एके दिवशी त्या पुटावर गुठळी जमते. एखाद्याची ताठरलेली बारीक वाहिनी दाबाने फुटतेही.

दुसरी झळ मिनिटांची. गुठळीने वाट अडली की त्या भागाचा प्राणवायू आणि साखर तुटते. पेशीतील क्षारांचे पंप थांबतात, कॅल्शियम आत घुसते आणि सारा कारभार विस्कटतो. मोठी वाहिनी बंद पडली असता दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब 2006 मध्ये मांडला गेला. पण सगळा भाग एकदम मरत नाही. मधला गाभा गेला तरी भोवतालचा पट्टा काही तास निपचित पण जिवंत असतो. शेताचा मधला तुकडा करपला, बांधाकडच्या ओळी माना टाकून उभ्या आहेत, पाणी वेळेवर पोचले तर त्या उठतील, अशीच ती अवस्था असते.

येथे निसर्गाचा एक विरोधाभास आहे. रक्त पुन्हा वाहू लागले की, खिळखिळ्या झालेल्या भट्ट्यांवर प्राणवायू एकदम कोसळतो आणि मूलकांचा लोंढा उठतो. बहुत दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम पोटभर वाढले तर ते अन्नच बाधावे, तसे हे आहे. वाहिनी फुटून लकवा झाला असेल तर सांडलेल्या रक्तातील लोह मोकळे होते, आणि मघाच्या फेंटनच्या दाहाला सरपण मिळते. म्हणून रक्त परत न्यावेच लागते, पण ते लवकर न्यावे लागते. उशिरा नेले तर लाभ कमी आणि अपाय अधिक. तासांचे हे महत्त्व रसायनातूनच आलेले आहे.

स्मृतिभ्रंश : मंद आच

आता दुसऱ्या दुःखाकडे वळू. 3 नोव्हेंबर 1906 रोजी जर्मनीतील ट्युबिंगेन येथे आलोईस आल्त्झायमर या वैद्याने एका स्त्रीची हकीकत सांगितली. पन्नाशीतच तिला विसर, संशय आणि भाषेचा गोंधळ यांनी घेरले होते. मृत्यूनंतर तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा त्यात पेशींच्या बाहेर साका आणि आत गुंतागुंतीचे तंतू आढळले. त्याच वैद्याच्या नावाने हा रोग आज ओळखला जातो.

अशा रुग्णांच्या मेंदूत आणखी काय सापडते? बिघडलेली स्निग्ध द्रव्ये, इजा झालेली प्रथिने, डाग पडलेले गुणसूत्रांचे धागे. आणि मौज अशी की, खवट तेलात जी अल्डिहाइड जातीची द्रव्ये असतात त्यांतलीच काही या मेंदूंत वाढलेली दिसतात, तीही रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत. येथे सहज प्रश्न उठतो : झळ हे रोगाचे कारण, की रोगाचा परिणाम? शास्त्रज्ञांत यावर वाद आहे. साक्याने मूलके वाढतात आणि मूलकांनी साका वाढतो, असे दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत. तेव्हा हे दुष्टचक्र मानणे युक्त. चक्रात पहिला आरा कोणता हे विचारण्यापेक्षा ते फिरवणारा हात कोणाचा, हे पाहणे अधिक उपयोगी.

तो हात पुष्कळदा रक्तवाहिन्यांचा असतो. मेंदूतील केसाएवढ्या वाहिन्या ताठरल्या की ठिकठिकाणी इवलेइवले लकवे होत राहतात. हात लुळा पडत नाही, तोंड वाकडे होत नाही. नुसती विचारांची गती मंदावते, चाल बदलते, हिशेब चुकू लागतो. घरचे म्हणतात, 'वय झाले.' पुष्कळ वृद्धांच्या मेंदूत आल्त्झायमरचा साका आणि वाहिन्यांचे हे दुखणे एकत्रच नांदत असतात. पहिल्या लकव्यानंतर दहांपैकी सुमारे एकाला लवकरच स्मृतिभ्रंश जडतो. लकवा पुन्हा झाला तर हे प्रमाण तीनांत एकाच्याही वर जाते. आरंभी म्हटलेली दोन दुःखे अशी एकाच घरातली निघतात.

भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक आढळले. दुसऱ्या बाजूने हाच आकडा असे सांगतो की, साठी उलटलेल्या शंभरांतील बाणवांहून अधिक लोकांची बुद्धी 'नाठत' नाही! विसरभोळेपणा म्हातारपणाचा सोबती असेल, पण माणूस ओळखेनासा होणे हा रोग आहे, वयाचा धर्म नव्हे.

बाटलीचा प्रश्न

झळ लागते, हे सिद्ध झाले. मग झळ शमवणारी गोळी द्यावी आणि मोकळे व्हावे, हा तर्क कोणालाही सुचेल. शास्त्रज्ञांनाही तो सुचला आणि त्यांनी तो मोठ्या प्रमाणावर तपासला. 1994 मध्ये फिनलंडमधील चाचणीचा निकाल आला. विड्या-सिगारेटी ओढणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन दिले असता फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला. 2005 मध्ये सौम्य विस्मरण असलेल्यांना ई जीवनसत्त्व देऊन पाहिले. तीन वर्षांत रोगाची वाट अडली नाही. 2008 मध्ये अमेरिकेतील वैद्यांवरील दीर्घ चाचणीत ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत रक्तस्रावी लकवा अधिक दिसला. 2017 मध्ये ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांनी स्मृतिभ्रंश टळत नाही, असा निर्वाळा मिळाला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, 2014 च्या एका चाचणीत आल्त्झायमर जडलेल्यांत ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने दैनंदिन कामांची घसरण काहीशी मंदावली. पण ती रुग्णांची, वैद्यांच्या देखरेखीखालची गोष्ट होती.

लकव्याचीही हीच कथा. मूलके पकडणारे एनएक्सवाय-059 नावाचे औषध प्राण्यांत गुणकारी ठरले, 2006 च्या चाचणीत माणसांतही आशा दिसली. 2007 मध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत तिचे पाणी झाले. जपानात एडारावोन हे औषध 2001 पासून वापरात आहे आणि संशोधन चालू आहे, तेव्हा दार कायमचे लागले असे नाही. पण दुकानातली बाटली म्हणजे ते दार नव्हे.

असे का व्हावे? तीन कारणे सांगता येतील. पहिले, मूलके ही केवळ शत्रू नाहीत. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारतात त्या याच शस्त्राने, आणि थोडी झळ लागली म्हणजे शरीर आपला पहारा वाढवते. 2009 मध्ये असे दिसले की, व्यायामाने साखरेच्या पचनात जी सुधारणा होते ती सी आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी उलट दबते. दुसरे, मेंदूभोवती रक्त आणि मेंदू यांमधली एक कडक चौकी आहे; पोटात गेलेले सारेच तेथून आत जात नाही. आपल्या शेजारच्या वसमतची हळद प्रसिद्ध आहे, आणि हळदीतील कुर्क्युमिनचे गोडवे सर्वत्र गाइले जातात. पण ते आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, आणि स्मृतिभ्रंश त्याने थांबतो असे चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. भाजीत हळद अवश्य घालावी. औषध म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये. तिसरे कारण सर्वांत साधे आहे. धूर कोंडला असता पंख्याने वारा घालणे निराळे, आणि चुलीतले ओले लाकूड काढणे निराळे. गोळी वारा घालते. लाकूड तसेच राहते.

ओले लाकूड कसे काढावे?

ते लाकूड म्हणजे मुख्यतः रक्तदाब. तो दुखत नाही, खुपत नाही, म्हणून मोजलाही जात नाही. चीनमध्ये 326 खेड्यांतील सुमारे 34 हजार लोकांवर चार वर्षे एक प्रयोग झाला. निम्म्या खेड्यांत गावच्याच साध्या वैद्यांनी लोकांचा दाब नेटाने ताब्यात ठेवला. 2025 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : त्या खेड्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण इतर खेड्यांपेक्षा 15 टक्क्यांनी कमी भरले. कोणतेही नवे औषध नव्हते, नुसता नियमितपणा होता. जी गोष्ट चीनच्या खेड्यांत साधते ती मानोरा आणि मालेगावच्या खेड्यांत साधू नये, असे काही नाही. चाळिशीनंतर वर्षातून निदान एकदा दाब आणि साखर तपासावी, आणि गोळी लागू झाली तर 'आता बरे वाटते' म्हणून ती आपल्या मनाने सोडू नये. मिठाचा हात आखडता घ्यावा. लोणचे, पापड आणि ठेचा यांत ते छपून बसलेले असते.

दुसरे लाकूड तंबाखूचे. खर्रा ही आपल्या विदर्भाची खास व्याधी. त्यात धूर नाही म्हणून तो निरुपद्रवी, ही समजूत चुकीची आहे. सुपारी आणि चुना यांच्या संयोगाने तोंडातच मूलके निपजतात आणि तंबाखूने दाब चढतो. तिसरे, चुलीचा धूर. पऱ्हाट्या-तुऱ्हाट्यांचा धूर ज्या माउलीने चाळीस वर्षे गिळला तिच्या वाहिन्यांनी तो मोजून ठेवलेला असतो. यांशिवाय रोजचे चालणे, हिरव्या भाज्या व डाळी, कानांना कमी ऐकू येत असल्यास त्यावर उपाय, लिहिते-वाचते आणि माणसांत राहणे. स्मृतिभ्रंशाचा सुमारे 45 टक्के भार अशा 14 टाळता येण्याजोग्या कारणांशी जोडलेला आहे, असे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये म्हटले. आणि विसर वाढू लागला तर 'वय झाले' म्हणून गप्प बसू नये. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड यांमुळेही विसर पडतो, आणि तो उपचाराने सुधारू शकतो.

एवढे करूनही लकवा आलाच तर? तोंड वाकडे होणे, हात खाली पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एक चिन्ह दिसले तरी प्रथम घड्याळ पाहावे. माणूस शेवटचा ठीक केव्हा होता, ही वेळ वैद्य विचारतील. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन 1995 मध्ये तीन तासांपर्यंत उपयोगी ठरले, 2008 मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. त्यापूर्वी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे पाहावेच लागते. निवडक रुग्णांत वाहिनीत तार घालून गुठळी काढताही येते. म्हणून अंगारा, मालीश, 'सकाळपर्यंत वाट पाहू', यांत एक क्षणही घालवू नये. तोंडात पाणी किंवा अन्न घालू नये, ठसका लागून ते श्वासनलिकेत जाते. घरच्या मनाने अ‍ॅस्पिरिनही देऊ नये, कारण वाहिनी फुटलेली असू शकते. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. 2022 पासून आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग धावतो, 2024 मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तथापि रस्ते आणि इमारती जो वेळेवर निघतो त्याच्याच उपयोगाच्या. आपल्या गावाहून सर्वांत जवळ, रात्रीही सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन कोठे मिळते, हे प्रत्येक कुटुंबाने आजच विचारून, भिंतीवर लिहून ठेवावे.

प्राणवायूवाचून जगता येत नाही आणि त्याची झळ पुरती चुकवता येत नाही, हे खरे. पण ती किती लागावी, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. ज्या पैशात झळ शमवणाऱ्या बाटल्या येतात, त्यातच दाब मोजण्याचे एक यंत्र चार घरांत मिळून घेता येईल. या व्याख्यानाहून परत जाताना आपल्यापैकी प्रत्येकाने घरातल्या वडीलधाऱ्यांचा दाब शेवटचा केव्हा मोजला, एवढे आठवून पाहावे. आणि आठवत नसेल तर उद्याच मोजून घ्यावा.